खोली क्रमांक ३९

जेम्स बाँडला फायलीवर शेरा लिहिताना तुम्ही कधी पाहिलंय? पडद्यावर तर नाहीच. तिथे तो मोटार हाकतो, पत्ते खेळतो, नाही तर कुणाच्या तरी तावडीतून निसटत असतो. पण ‘मूनरेकर’ या कादंबरीची सुरुवातीची पानं चाळली, तर हा गडी चक्क ऑफिसात बसलेला सापडतो. वर्षाकाठी दोन-तीन मोहिमा, बाकीचे दिवस टेबल, समोर आलेल्या कागदांची चळत, वाचल्याची सही आणि दुपारी कँटीनचं जेवण. ती पानं मी प्रथम वाचली तेव्हा मी स्वतः एका राष्ट्रीयीकृत बँकेत टेबलामागे बसत होतो. मनात आलं, हे लिहिणारा माणूस आपल्यातलाच आहे. पुढे इयन फ्लेमिंगचं चरित्र वाचलं आणि अंदाज खरा निघाला. सहा वर्षांच्या महायुद्धात या माणसाने शत्रूवर गोळी झाडली नाही. तो इंग्रजांच्या आरमारी गुप्तवार्ता विभागात, खोली क्रमांक ३९ मध्ये, खुर्चीत बसून होता.

तिथपर्यंत तो पोहोचला तो मात्र बरीच दारं ठोठावून. २८ मे १९०८ रोजी लंडनमध्ये जन्मलेल्या इयनच्या घरी पैशाला तोटा नव्हता. आजोबा रॉबर्ट फ्लेमिंग डंडीच्या गरीब घरातून आले आणि स्वतःच्या नावाची बँक उभी करून गेले. वडील व्हॅलेंटाइन पार्लमेंटचे सभासद होते. मे १९१७ मध्ये फ्रान्सच्या आघाडीवर ते पडले, तेव्हा ‘टाइम्स’मध्ये त्यांच्यावर मृत्युलेख लिहिला तो विन्स्टन चर्चिल यांनी. इयन तेव्हा नऊ वर्षांचाही झाला नव्हता. वडिलांचं मृत्युपत्र असं होतं की इस्टेट आईच्या हाती राहणार, पण तिने पुन्हा लग्न केलं तर त्यातला मोठा वाटा जाणार. तिने लग्न केलं नाही. मुलांवर मात्र तिची हुकमत चालली. त्यात थोरला भाऊ पीटर हुशार, पुढे गाजलेला प्रवासलेखक. सगळीकडे पहिला येणाऱ्या भावाच्या पाठीवर जन्मलेल्या मुलाचं काय होतं, हे आपल्याकडच्या घरांत निराळं सांगायला नको.

ईटनच्या शाळेत इयन मैदानी खेळांत चमकला, अभ्यासात नाही. सँडहर्स्टच्या लष्करी महाविद्यालयातून तो कमिशन न घेताच बाहेर पडला. आईने त्याला ऑस्ट्रियात किट्सब्युएलला एका जोडप्याकडे शिकायला ठेवलं. त्यातले गृहस्थ पूर्वी इंग्रजांच्या हेरखात्यात काम केलेले आणि बाई कादंबरीकार! योगायोगांवर माझा फारसा विश्वास नाही, पण हा एक मानावा लागतो. तिथे त्याचं जर्मन पक्कं झालं. १९३१ मध्ये परराष्ट्र खात्याच्या परीक्षेत जागा हुकली. मग रॉयटर्समध्ये बातमीदारी. १९३३ मध्ये मॉस्कोत ब्रिटिश इंजिनिअरांवर हेरगिरीचा खटला चालला, त्याच्या बातम्या त्याने झकास पाठवल्या. तिथून स्टालिनच्या मुलाखतीसाठी अर्ज केला, तर नकाराची चिठ्ठी आली, पण खुद्द स्टालिनच्या सहीची. बातमीदारीत पगार बेताचा म्हणून तो एका खासगी बँकेत गेला आणि १९३५ पासून ‘रो अँड पिटमन’ या शेअर दलालांच्या पेढीत. दलालीत त्याला गती नव्हती. गिऱ्हाइकांना जेवू घालावं, जुन्या पुस्तकांच्या पहिल्या आवृत्त्या जमवाव्यात, यात दिवस जात. एकतिसाव्या वर्षी असा माणूस अयशस्वीच म्हणायचा.

मग आरमाराला तो का हवा झाला? याचं उत्तर त्या खात्याच्या इतिहासात आहे.

समुद्रावर राज्य करणाऱ्या इंग्रजांना शत्रूच्या आरमाराची पद्धतशीर माहिती ठेवणारं खातं मात्र १८८० च्या दशकापर्यंत नव्हतं. १८८२ मध्ये परदेशी माहितीसाठी एक समिती नेमली आणि १८८७ मध्ये तिचं खात्यात रूपांतर झालं. पहिले प्रमुख कॅप्टन विल्यम हॉल. कुणाकडे किती जहाजं, तोफा किती पल्ल्याच्या, कोळसा कुठे भरतात, अशा नोंदी ठेवणारं हे कारकुनी खातं होतं. त्याला दरारा आला तो हॉलसाहेबांच्या मुलामुळे. रेजिनाल्ड हॉल १९१४ मध्ये त्याच खात्याचे प्रमुख झाले. सतत पापण्या मिटण्याच्या सवयीमुळे त्यांना ‘ब्लिंकर’ म्हणत. ऑगस्ट १९१४ मध्ये ‘माग्डेबुर्ग’ ही जर्मन क्रूझर बाल्टिक समुद्रात खडकावर चढली आणि तिच्यावरची सांकेतिक लिपीची पुस्तकं रशियनांच्या हाती लागली. त्यातली एक प्रत त्यांनी लंडनला दिली. आरमारी कचेरीच्या जुन्या इमारतीत, खोली क्रमांक ४० मध्ये, प्राध्यापक, पाद्री, भाषापंडित अशी मंडळी ती पुस्तकं घेऊन बसली आणि जर्मनांचे बिनतारी संदेश उलगडू लागले.

या खोलीचा सर्वांत मोठा पराक्रम जानेवारी १९१७ चा. जर्मन परराष्ट्रमंत्री झिमरमन यांनी मेक्सिकोला तार केली: अमेरिका युद्धात उतरली तर आमच्या बाजूने लढा, टेक्सास, न्यू मेक्सिको, ॲरिझोना परत मिळवायला आम्ही मदत करू, असा त्याचा मतलब. हॉल यांच्या माणसांनी ती तार फोडली. पण ती अमेरिकेला दाखवावी तर आपण संदेश वाचतो हे जर्मनांना कळणार. हॉलनी मेक्सिकोच्या तारघरातून त्याच तारेची दुसरी प्रत मिळवली, म्हणजे गळती तिकडेच झाली असं वाटावं. तार प्रसिद्ध झाली आणि ६ एप्रिल १९१७ रोजी अमेरिका युद्धात उतरली. माहिती मिळवण्यापेक्षा ती कशी मिळाली हे लपवणं अवघड, हा धडा या खात्याने तेव्हापासून गिरवला.

युद्ध संपलं आणि खातं वाळत गेलं. संकेत फोडणारी मंडळी १९१९ मध्ये दुसऱ्या संस्थेत गेली, अनुदान घटलं, हुशार अधिकारी तिथली बदली टाळू लागले. १९३९ च्या सुरुवातीला ॲडमिरल जॉन गॉडफ्रे प्रमुख म्हणून आले, तेव्हा त्यांना जवळजवळ मोकळं घर मिळालं. त्यांनी म्हाताऱ्या हॉलना गाठलं आणि त्यांचा सल्ला घेतला. हॉल यांचा पहिल्या युद्धातला उजवा हात होता क्लॉड सेरोकोल्ड, पेशाने शेअर दलाल. शहरातल्या बड्या लोकांत ऊठबस असलेला, दर्यावर्दी शिस्तीबाहेरचा, तोंडाने गोड माणूस जवळ हवा, हे गॉडफ्रेंना पटलं. त्यांनी बँक ऑफ इंग्लंडचे गव्हर्नर माँटेग्यू नॉर्मन यांच्याकडे शब्द टाकला आणि नॉर्मननी फ्लेमिंगचं नाव सुचवलं. मे १९३९ मध्ये एका हॉटेलात जेवणावर मुलाखत झाली. शेअर बाजारातला नापास गडी आरमारात पास झाला.

खोली ३९ तळमजल्यावर होती. खिडकीतून हॉर्स गार्ड्सचं पटांगण आणि पंतप्रधानांच्या निवासाची मागची बाग दिसे. एकाच दालनात डझनभर टेबलं, फोनची घणघण, शेकोटी. शेजारी खोली ३८ मध्ये गॉडफ्रे. दोन्हींमध्ये हिरव्या बनातीने मढवलेलं दार आणि त्या दाराला लागून फ्लेमिंगचं टेबल. कुणालाही साहेबांकडे जायचं तर फ्लेमिंगवरून जावं लागे. गॉडफ्रे बुद्धीने तल्लख, पण स्वभावाने तिखट. इतर खात्यांचे लोक त्यांच्या तोंडी लागायला कचरत. फ्लेमिंग मध्ये उभा राही, साहेबांचा राग गाळून पुढे पाठवी. अशी माणसं प्रत्येक कचेरीत असतात, त्यांच्यावाचून कचेरी चालत नाही आणि त्यांच्या नावाने फाइल नसते.

आता या खात्याची रचना. विभागांना आकडे दिलेले होते. काही विभाग देशवार: हा जर्मनी पाही, तो इटली, तिसरा अतिपूर्व. सतरावा विभाग समन्वयाचा, म्हणजे खोली ३९. म्हणून फ्लेमिंगची खूण ‘१७ एफ’. संकेत फोडण्याचं काम आता ब्लेचली पार्कला चाले, तिथले उतारे एका वेगळ्या विभागात येत. आणि आठवा विभाग होता खात्याचं हृदय: कार्यकारी गुप्तवार्ता केंद्र. आरमारी कचेरीच्या मागे बांधलेल्या, खिडक्या नसलेल्या जाड काँक्रीटच्या गढीत ते बसे. अटलांटिकच्या नकाशावर प्रत्येक जर्मन पाणबुडी कुठे असेल याची टाचणी तिथे रोज हलत असे.

त्या टाचण्या हलवणारा माणूस मला बाँडपेक्षा मोठा वाटतो. रॉजर विन. पेशाने वकील, लहानपणी पोलिओ झाल्याने पाठीत वाकलेला, लंगडत चालणारा. आरमाराच्या कोणत्याही वैद्यकीय तपासणीत तो उत्तीर्ण झाला नसता. पण पाणबुडीचा कप्तान उद्या कुठे वळेल याचा त्याचा अंदाज इतका वेळा बरोबर येऊ लागला की मालवाहू ताफ्यांचे मार्ग त्याच्या सांगण्यावरून बदलू लागले. शंभर वर्षांची परंपरा सांगणाऱ्या आरमाराने एका मुलकी वकिलाच्या हाती पाणबुड्यांचा सगळा माग ठेवण्याचं काम सोपवलं, हे गॉडफ्रेंचं धाडस.

गॉडफ्रेंनी आणखी एक गोष्ट केली, ती वाचून मी खुर्चीत सरसावून बसलो. आलेल्या प्रत्येक बातमीला दोन खुणा द्यायच्या. एक अक्षर, बातमी देणारा किती भरवशाचा यासाठी. एक आकडा, बातमी स्वतः किती संभवनीय यासाठी. दोन्ही अलग. म्हणजे भरवशाच्या माणसाकडून अशक्य वाटणारी बातमी येऊ शकते आणि लबाडाकडून खरी. आज जगभरच्या पोलिसांत आणि लष्करात ही पद्धत रुळली आहे. मी कर्ज विभागात असताना प्रस्तावासोबत बाजारातली पत सांगणारे अहवाल येत. सांगणारा प्रतिष्ठित असला की सांगितलेलं खरं मानायचं, अशी आमच्या कचेऱ्यांतली सर्वसाधारण रीत. अक्षर आणि आकडा वेगळे लिहिले असते, तर कितीतरी बुडीत खाती जन्मालाच आली नसती.

पण माहिती असणं आणि ती ऐकली जाणं यात अंतर आहे. जुलै १९४२ मध्ये रशियाकडे निघालेल्या ‘पीक्यू १७’ या ताफ्यावर ‘टिरपिट्झ’ ही जर्मन युद्धनौका चालून येतेय की काय, अशी भीती होती. केंद्रातले नेड डेनिंग यांचं मत होतं की ती नॉर्वेच्या खाडीतून निघालेली नाही. निघाली असती तर अमुक संदेश कानावर आले असते, ते आलेले नाहीत. शत्रूचं मौन हाही पुरावाच. पण आरमारप्रमुख सर डडली पाउंड यांना होय की नाही एवढंच उत्तर हवं होतं आणि अशी खात्री प्रामाणिक माणूस देऊ शकत नव्हता. पाउंडनी ताफ्याला पांगण्याचा हुकूम दिला. संरक्षण गेलेली जहाजं विमानांनी आणि पाणबुड्यांनी एकेक करून टिपली. २४ मालवाहू जहाजं बुडाली. टिरपिट्झ त्या वेळी खाडीतच होती.

या खात्याची सगळी कामं अशी काळीज कुरतडणारी नव्हती. युद्ध लागल्यावर लक्षात आलं की युरोपच्या किनाऱ्यांचे धड फोटोही आपल्याकडे नाहीत. तेव्हा १९४२ मध्ये बीबीसीवरून लोकांना आवाहन करण्यात आलं की सुट्टीत परदेशी काढलेले फोटो पाठवा. पोतीच्या पोती आली. मुलं वाळूत किल्ला करतायत, आजी खुर्चीत बसल्या आहेत, आणि त्यांच्या मागे दिसतोय तो किनाऱ्याचा उतार, धक्का, रस्त्याचं वळण. ऑक्सफर्डला बसून अभ्यासकांनी त्या कौटुंबिक आल्बमांतून सैन्य उतरवायच्या जागा मोजल्या. शेजारीच देशोदेशींची भूगोल-पुस्तकं तयार होत होती. ऑक्सफर्डमधल्या त्या कामाचे प्रमुख होते केनेथ मेसन, आपल्या सर्व्हे ऑफ इंडियात हिमालय मोजत उमेदीची वर्षं घालवलेले आणि ‘हिमालयन जर्नल’चे पहिले संपादक. डोंगर मोजणाऱ्याच्या हाती समुद्रकिनारे आले.

फ्लेमिंगचा भाग होता कल्पनांचा. सप्टेंबर १९३९ च्या अखेरीस गॉडफ्रेंच्या सहीने एक टिपण फिरलं. शत्रूला फसवणं म्हणजे ट्राउट मासा गळाला लावण्यासारखं, असं सांगून त्यात ५४ युक्त्या दिल्या होत्या. त्यावर फ्लेमिंगचा हात दिसतो, असं जाणकार मानतात. अठ्ठाविसावी युक्ती एका जुन्या रहस्यकथेतून उचललेली: प्रेताच्या खिशात खोटे कागद ठेवून ते शत्रूला सापडू द्यावं. एप्रिल १९४३ मध्ये हीच युक्ती ईवन माँटेग्यू आणि चार्ल्स चमली या दोघांनी प्रत्यक्षात आणली. स्पेनच्या वेल्वा गावाजवळ ‘मेजर विल्यम मार्टिन’चं प्रेत लाटांवर सोडलं. हल्ला ग्रीसवर होणार असं सुचवणारी त्याच्याजवळची पत्रं जर्मनांनी खरी मानली आणि जुलैत दोस्त फौजा सिसिलीत उतरल्या. या ईवन माँटेग्यूचे सख्खे काका म्हणजे १९१९ च्या माँटेग्यू-चेम्सफर्ड सुधारणांमुळे आपल्याला शाळेपासून माहीत असलेले भारतमंत्री एडविन माँटेग्यू.

फ्लेमिंगची स्वतःची योजना मात्र अधिक रक्तरंजित होती. सप्टेंबर १९४० मध्ये ब्लेचलीचे गणिती जर्मन आरमाराच्या एनिग्मा यंत्रापुढे अडले होते. फ्लेमिंगने लिहून दिलं: हाती लागलेलं एक जर्मन बाँबफेकी विमान घ्यावं, त्यात जर्मन गणवेशातली आपली माणसं बसवावीत, ते खाडीत पाडावं, मदतीचा पुकारा करावा, सोडवायला येणाऱ्या जर्मन बोटीवरच्या खलाशांना ठार करून बोट, यंत्र आणि संकेतपुस्तकं घेऊन यावं. नाव ‘ऑपरेशन रूथलेस’, म्हणजे निर्दय. विमान मिळालं, माणसं ठरली. आपण स्वतः जावं असंही फ्लेमिंगच्या मनात होतं. ते नाकारलं गेलं, कारण त्याला ब्लेचलीचं गुपित ठाऊक होतं. तो पकडला गेला तर सगळंच संपलं. शेवटी रात्रीच्या वेळी खाडीत योग्य बोटच दिसेना, आणि ऑक्टोबरमध्ये बेत रद्द झाला. वाट पाहत बसलेले ॲलन ट्युरिंग आणि त्यांचे सहकारी फार खट्टू झाले म्हणतात.

इथे मला या माणसाच्या आयुष्याची मेख दिसते. जितकं अधिक कळावं तितकं खुर्चीला अधिक जखडलं जावं. वडील आघाडीवर पडलेले, धाकटा भाऊ मायकेल १९४० मध्ये जखमी होऊन जर्मनांच्या कैदेत मेलेला, पीटर दिल्लीत बसून जपान्यांना चकवण्याचे बेत रचणारा, पण आधी नॉर्वे आणि ग्रीसची लढाई पाहून आलेला. आणि इयन नीटनेटका निळा गणवेश घालून फायली पुढे सरकवतोय. कुणी त्याला भित्रा म्हटलं नाही. पण माणूस स्वतःला काय म्हणत असेल ते कुठल्या कागदावर येत नाही.

१९४२ मध्ये त्याने एक पथक उभारायला लावलं. हल्ल्याच्या पहिल्या तुकड्यांबरोबर घुसायचं आणि शत्रूने जाळण्याआधी कागद, यंत्रं, संकेतपुस्तकं उचलायची. जर्मनांनी १९४१ मध्ये क्रीट बेटावर असंच केलं होतं, कल्पना तिकडूनच आली. हे ‘३० असॉल्ट युनिट’ ऑगस्ट १९४२ मध्ये दिएपच्या हल्ल्यात प्रथम उतरलं. फ्लेमिंगला फक्त युद्धनौकेवरून दुर्बिणीतून पाहण्याची परवानगी होती. त्या दिवशी सुमारे ५,००० कॅनेडियन सैनिकांपैकी ९०० हून अधिक मारले गेले; पथकाच्या हाती काही लागलं नाही. पुढे मात्र अल्जियर्सपासून जर्मनीपर्यंत या पथकाने ढिगांनी कागद आणले. १९४५ मध्ये टाम्बाखच्या गढीत १८७० पासूनचं जर्मन आरमाराचं सबंध दप्तर सापडलं, तेव्हा ते ताब्यात घ्यायच्या कामी फ्लेमिंग जातीने तिथे गेला.

त्या वेळेपर्यंत त्याचे साहेब तिथे नव्हते. बुडवलेल्या पाणबुड्यांचे चर्चिल यांचे आकडे नेहमी मोठे असत आणि गॉडफ्रेंच्या खात्याचे छोटे. वरिष्ठांना आवडेल तो आकडा न देणाऱ्या अधिकाऱ्याचं पुढे काय होतं? त्यात इतर सेनादलांच्या गुप्तवार्ता प्रमुखांशीही त्यांचे खटके उडाले. १९४२ च्या अखेरीस त्यांना हलवलं आणि रॉयल इंडियन नेव्हीचे प्रमुख म्हणून हिंदुस्थानात पाठवलं. त्यांच्या दर्जाच्या अधिकाऱ्यांना युद्धानंतर सन्मान मिळाले, यांना काहीच नाही.

आणि इथे ही गोष्ट आपल्या मुंबईत येते. १८ फेब्रुवारी १९४६ रोजी कुलाब्याच्या ‘तलवार’ या संदेशवहन प्रशिक्षण तळावरच्या खलाशांनी निकृष्ट अन्न आणि कमांडरच्या शिवीगाळीविरुद्ध संप पुकारला. बघता बघता ७८ जहाजं, २० तळ आणि सुमारे २०,००० खलाशी त्यात उतरले. डोलकाठ्यांवर काँग्रेस, लीग आणि कम्युनिस्ट असे तिन्ही झेंडे एकत्र चढले. कॅसल बरॅक्समध्ये, जिथे आज ‘आयएनएस आंग्रे’ आहे, गोळीबार झाला. गेटवेपाशी मुंबईकरांनी खलाशांसाठी जेवणाच्या टोपल्या नेऊन दिल्या. आमचे एक काका तेव्हा शाळकरी पोर होते, गिरगावातून तिथवर पायी गेल्याचं ते म्हातारपणीही सांगत. २१ तारखेला रेडिओवरून ॲडमिरल गॉडफ्रे यांनी बजावलं की सरकारकडे प्रचंड बळ आहे आणि ते वापरलं जाईल, मग सगळं आरमार नष्ट झालं तरी बेहत्तर. शहरात उसळलेल्या दंगलीत आणि गोळीबारात दोनशेहून अधिक माणसं मेली. सरदार पटेलांच्या सल्ल्यावरून २३ तारखेला खलाशांनी शस्त्रं खाली ठेवली.

मला यात नवल वाटतं ते वेगळंच. ‘तलवार’च्या भिंतींवर डिसेंबर १९४५ पासूनच चले जावच्या घोषणा रंगवलेल्या सापडत होत्या. फेब्रुवारीच्या सुरुवातीला बलाई चंद दत्त या खलाशाला त्यासाठी अटकही झाली होती. अटलांटिकच्या पोटातली पाणबुडी कुठे वळेल ते सांगणारं खातं ज्यांनी घडवलं, शत्रूच्या मौनाचाही अर्थ लावणारी माणसं ज्यांच्या हाताखाली वाढली, त्यांना स्वतःच्या खलाशांच्या ताटातली डाळ आणि मनातला राग वाचता आला नाही. खुणा सगळ्या समोर होत्या. पण त्यांना ‘ए-१’ द्यायचं की ‘ई-५’, हे ठरवणारा मनुष्य हाताखालच्यांना माणूस मानतो की नाही यावरही ते अवलंबून असतं. महिन्याभरात ते हिंदुस्थानातून गेले.

फ्लेमिंगला हे सगळं दुरून कळलं असणार. तो युद्धानंतर केम्सली यांच्या वृत्तपत्रांत परदेशी बातमीदारांचा व्यवस्थापक झाला. हेसुद्धा माहितीचंच जाळं, फक्त उघडं. करारात दर हिवाळ्यात लांब रजा मागून घेतली होती, कारण १९४२ मध्ये कामानिमित्त जमैकाला गेला तेव्हाच त्याने तिथे राहायचं ठरवलं होतं. समुद्राकाठी साधंसं घर बांधलं आणि नाव दिलं ‘गोल्डनआय’, स्पेनविषयीच्या आपल्या एका युद्धकालीन योजनेचं. तिथे १९५२ च्या सुरुवातीला, लग्न तोंडावर आलेलं असताना, त्याने टाइपरायटरवर ‘कसिनो रॉयाल’ लिहून काढली. नायकाला नाव हवं होतं साधं. वेस्ट इंडीजच्या पक्ष्यांवरच्या पुस्तकाचे लेखक जेम्स बाँड यांचं घेतलं. बाँडचा वरिष्ठ ‘एम’ याच्यात गॉडफ्रेंची छाया आहे, असं बहुतेक मानतात. त्या कादंबरीतला जुगाराचा प्रसंगही खोली ३९ च्या दिवसांतला. १९४१ मध्ये गॉडफ्रेंबरोबर अमेरिकेला जाताना लिस्बनजवळच्या एश्तोरिलला मुक्काम पडला, तिथे फ्लेमिंग काही पोर्तुगीज व्यापाऱ्यांशी खेळला, मनात त्यांना नाझी हेर ठरवून. प्रत्यक्षात तो हरला. कादंबरीत बाँड जिंकतो.

कादंबऱ्या म्हणून त्या सगळ्याच सारख्या उतरलेल्या नाहीत. बायकांकडे आणि गोऱ्यांखेरीज इतरांकडे पाहण्याची त्यांतली नजर आज खटकते, आणि खटकावीच. पण कागदपत्रं वाचणाऱ्या माणसाचा तपशिलाचा सोस जिथे दिसतो, तिथे तो पकडतो. ‘गोल्डफिंगर’ मध्ये मोटारीच्या पत्र्याच्या जागी सोनं लावून ते स्वित्झर्लंडला न्यायचं आणि तिथून विमानाच्या खुर्च्यांतून हिंदुस्थानात, अशी चोरटी वाहतूक आहे. कादंबरी १९५९ ची. आपल्याकडे सोन्यावरची नियंत्रणं १९६३ मध्ये आणखी आवळली गेली, चौदा कॅरटची सक्ती आली, सोनार देशोधडीला लागले आणि तस्करी काही थांबली नाही. सोनेतारणाच्या टेबलावर काम केलेल्या माणसाला ते प्रकरण इतर कुठल्याही मारामारीपेक्षा अधिक रंगतदार वाटतं.

एनिग्माबद्दल मात्र फ्लेमिंगने जन्मात अक्षर लिहिलं नाही, की ब्लेचलीचं नाव काढलं नाही. ‘फ्रॉम रशिया, विथ लव्ह’ मध्ये संकेतयंत्र पळवण्याची गोष्ट आहे, पण यंत्र रशियन. खरं गुपित लोकांसमोर आलं ते १९७४ मध्ये.

सिगारेटी आणि दारूने शरीर पोखरलं होतं. १९६१ मध्ये हृदयविकाराचा मोठा झटका आला. डॉक्टरांनी कामाला बंदी केली, तेव्हा अंथरुणात पडून त्याने मुलगा कॅस्परला सांगत असलेली उडत्या मोटारीची गोष्ट लिहायला घेतली, ‘चिटी चिटी बँग बँग’. पुढच्याच वर्षी ‘डॉ. नो’ चित्रपट आला आणि पैशाचा, कीर्तीचा लोंढा लागला. त्याचा उपभोग त्याला दोन वर्षंही मिळाला नाही. १२ ऑगस्ट १९६४ च्या पहाटे कँटरबरीच्या इस्पितळात इयन फ्लेमिंग वारला, वयाच्या छप्पन्नाव्या वर्षी. त्या दिवशी कॅस्परचा बारावा वाढदिवस होता. मोटारीच्या गोष्टीचा पहिला भाग ऑक्टोबरमध्ये छापून आला.